सेडानमध्ये रोडबाइक कशी न्यावी

रोडबाइक कारमधून नेताना एकच गोष्ट जिवापाड जपायची असते. ती म्हणजे मागचा डिरेलर, चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग, ज्याला सायकलवाले नुसतं ‘आरडी’ म्हणतात, आणि तो ज्या छोट्याशा ॲल्युमिनियमच्या तुकड्यावर लटकलेला असतो तो हँगर. फ्रेमला ओरखडा आला तर जीव हळहळतो, पण सायकल चालते. हँगर दोन-तीन मिलिमीटर जरी आत वाकला, तरी गिअर धड पडत नाहीत, आणि चढावर मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीवर चेन टाकायला गेलात की आरडी सरळ स्पोकमध्ये घुसू शकतो. मग हँगर तुटतो, आरडी मोडतो, कधी चाकही जातं.

पुण्या-मुंबईत हा तुकडा शोधून मिळेल. आर्वीला, दारव्ह्याला, मेहकरला, अर्जुनी मोरगावला मिळणार नाही. प्रत्येक फ्रेमचा हँगर वेगळा असल्यामुळे नागपूर-अमरावतीच्या दुकानातही तुमच्या मॉडेलचा तयार असेलच असं नाही, मागवावा लागतो. म्हणून एक जादा हँगर आजच मागवून सायकलच्या सीटखालच्या पिशवीत टाकून ठेवा. खाली सांगितलेला क्रमही याच एका भागाला धक्का लागू नये म्हणून असा आहे.

आपल्याकडे विदर्भात अंतरं मोठी आहेत. यवतमाळच्या माणसाला चिखलदऱ्याचा घाट चढायचा तर आधी परतवाड्यापर्यंत पोचायला हवं. नागपूरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत संपवायची लांब पल्ल्याची राइड, पहाटे सुटते. दोनशे किलोमीटर १३ तास ३० मिनिटांत संपवायचे असताना आदल्या रात्री गावाहून चालवत येणं परवडत नाही. नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनी २०१७ साली ‘रेस अक्रॉस अमेरिका’ एकट्याने पूर्ण केली. त्यांच्याकडे बघून रोडबाइक घेतलेली पोरं आता तालुक्याच्या गावांतही भेटतात. घरात कार असते ती बहुतेक वेळा सेडान, आणि पहिला प्रश्न हाच असतो की सायकल तिच्यात बसेल का. बसते. एक सायकल आणि पुढे दोन माणसं आरामात जातात.

डिक्कीवर पट्ट्यांनी बांधायचं कॅरिअर मिळतं, पण एका सायकलसाठी मी ते घ्यायला सांगणार नाही. सेडानच्या डिक्कीचं झाकण पातळ पत्र्याचं असतं, पट्ट्यांच्या ताणाने ते दबतं. नंबर प्लेट झाकली जाते. कच्च्या रस्त्यावरची सगळी धूळ चेनमध्ये भरते. आणि वाटेत चहाला थांबलात तर अर्धा जीव बाहेर बांधलेल्या सायकलपाशी राहतो.

आधी टेप घेऊन कार मोजा

दोन्ही चाकं काढल्यावर रोडबाइकच्या पुढच्या आणि मागच्या ॲक्सलच्या जागांमधलं अंतर साधारण एक मीटर असतं. सेडानच्या मागच्या सीटवर दारापासून दारापर्यंत साधारण १३० सेंटिमीटर मिळतात, म्हणजे दोन्ही बाजूंना वीतभर जागा उरते. २८ मिलिमीटरचा टायर चढवलेलं चाक सुमारे ६८ सेंटिमीटर व्यासाचं असतं. तेवढं डिक्कीच्या तोंडातून आडवं जातंय का, ते आधीच बघून ठेवा. सीएनजीची गाडी असेल तर सिलिंडरने डिक्की खाल्लेली असते, तिथे चाकांचा विचार वेगळा करावा लागतो. तो पुढे येईल.

मागची सीट दुमडते का, हेही बघा. डिझायर, अमेझसारख्या आपल्याकडे सर्रास दिसणाऱ्या गाड्यांत ती दुमडत नाही. स्लाव्हिया, व्हर्टससारख्या गाड्यांत दुमडते. दुमडणारी असेल तर काम सोपं होतं: दोन्ही चाकं काढायची, चेनची बाजू वर ठेवायची आणि डिक्कीतून फ्रेमचा मागचा भाग आधी आत सारायचा. हँडल सगळ्यात अडणारा भाग, तो शेवटी डिक्कीतच राहू द्यायचा. बाकी जपणूक तीच. यापुढचं सगळं न दुमडणाऱ्या सीटसाठी आहे, कारण बहुतेकांची गाडी तीच असते.

सोबत काय घ्यायचं

एक ताडपत्री, दोन जुन्या चादरी किंवा एक गोधडी, जाड पुठ्ठ्याचे दोन-तीन तुकडे, वेलक्रोच्या पट्ट्या (नसतील तर जुन्या धोतराच्या चिंध्या), एक जुना पायमोजा, झिपची पिशवी, ४-५-६ मिलिमीटरच्या ॲलन की आणि पंप. हुकवाली इलॅस्टिक दोरी घेऊ नका. हुक सुटला तर रंगच नाही, डोळाही जातो.

चाकं काढणं

सावलीत, सपाट जागी ताडपत्री अंथरा आणि सगळं काम तिच्यावरच करा. हे चोचले नाहीत. क्विक रिलीजच्या (कळ उघडून चाक सोडवता येतं त्या) दांडीवर दोन्ही बाजूंना एकेक शंकूसारखी बारीक स्प्रिंग असते, करंगळीच्या नखाएवढी. उन्हाळ्यात काळ्या जमिनीला पडलेल्या भेगेत ती गेली तर गेलीच. पावसाळ्यात चिखलात पडली तरी तेच. ताडपत्रीवर पडली तर टिक्‌ असा आवाज येतो आणि दिसते. स्प्रिंगचं निमुळतं तोंड हबकडे (चाकाच्या मधल्या तुंब्याकडे), म्हणजे आत असतं. परत बसवताना हेच लक्षात ठेवायचं.

चाकं काढण्याआधी पेडल फिरवत मागे सगळ्यात छोट्या चकतीवर या. पुढे मात्र चेन मोठ्या चकतीवरच ठेवा. बरेच जण पुढेही छोटी चकती सांगतात, पण मोठ्या चकतीचे उघडे दात सीटचं कापड फाडतात. त्यांच्यावर चेन असली की ते झाकलेले राहतात.

पुढचं चाक आधी. रिम ब्रेक असेल तर कॅलिपरवरची छोटी कळ उघडा, नाहीतर टायर ब्रेकच्या गुटक्यांत अडकतो. क्विक रिलीजची कळ नुसती उघडून चाक निघत नाही, कारण चिमट्याच्या (पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कच्या) टोकाला सुरक्षेसाठी उंचवटे दिलेले असतात. दुसऱ्या बाजूची चाकी (नट) चार-पाच फेरे सैल करावी लागते. थ्रू ॲक्सल (आटे फिरवून बसवायची जाड दांडी) असेल तर तो पूर्ण बाहेर काढा, चाक काढा आणि ॲक्सल लगेच चिमट्यात परत घालून हलका फिरवून ठेवा. तो हरवत नाही, आणि दाब पडला तरी चिमट्याचे दोन पाय एकमेकांकडे दबत नाहीत.

डिस्क ब्रेकवाल्यांनी चाक निघताक्षणी दोन पॅडच्या मधे प्लॅस्टिकची पट्टी घालावी. सायकलसोबत ती आलेली असते, पण बहुतेकांनी फेकलेली असते. पुठ्ठ्याची दुहेरी घडीही चालते. चाक बाहेर असताना ब्रेकची कळ कोणी दाबली तर पिस्टन पुढे येतात, पॅड एकमेकांना चिकटतात आणि मग रोटर (चाकावरची ब्रेकची तबकडी) आत जात नाही. गावात हे होतंच. सायकल दिसली की लेकरं आधी ब्रेक दाबून पाहतात. त्यांना रागावण्यापेक्षा पट्टी आधी घाला.

आता मागचं चाक. एका हाताने आरडी मागे ओढून धरा आणि दुसऱ्याने फ्रेम वर उचला, चाक आपोआप खाली सुटतं. हे दोघांनी केलेलं बरं. चाकं काढायला बसलात की चार माणसं जमतातच. “काहून काढून राहिले जी चाकं?” असं जो विचारेल, त्याच्याच हातात फ्रेम द्या. चाक काढल्यावर फ्रेम जमिनीवर टेकवायची वेळ आली तर ती आरडीवर कधीच टेकवू नका. एकटे असाल तर गोधडीवर सायकल उलटी उभी करा, हँडल आणि सीटवर, आणि मग मागचं चाक काढा.

आरडी आत घेणं

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि सगळ्यात कामाची हीच आहे. छोट्या चकतीवर असताना आरडी फ्रेमच्या सगळ्यात बाहेर आलेला असतो, म्हणजे धक्का खायला मोकळा. चाक निघालं की उजव्या हाताची गिअरची कळ एकेक क्लिक करत मोठ्या चकतीच्या जागेपर्यंत न्या. आता कॅसेट (मागच्या चकत्यांचा गठ्ठा) नसल्यामुळे पेडल न फिरवताही आरडी सरकत सरकत फ्रेमच्या आत येतो. डोळ्यांनी बघा, तो जवळजवळ फ्रेमच्या आड गेलेला दिसेल. मग त्याच्यावर पायमोजा चढवा आणि लोंबणारी चेन मागच्या नळीला वेलक्रोने बांधून टाका.

चाक परत बसवण्याआधी तेवढ्याच क्लिक उलट करून छोट्या चकतीवर यायचं, नाहीतर चाक बसता बसत नाही.

काही जण ५ मिलिमीटरच्या ॲलन कीने आरडीच खोलून फ्रेमच्या त्रिकोणात बांधतात. विमानासाठी ते ठीक आहे. कारसाठी नवशिक्याने त्या वाटेला जाऊ नये. परत बसवताना आटे तिरके गेले तर हँगर बसल्या जागी खराब होतो.

सीटपोस्ट (सायकलच्या सीटखालची दांडी) खाली करावी लागेल, निदान दारातून आत जाईपर्यंत. सैल करण्याआधी फ्रेमच्या काठाला लागून पोस्टवर इलेक्ट्रिकची टेप गुंडाळा, म्हणजे उंची शोधत बसावं लागत नाही. घट्ट करताना जोर लावू नका, पोस्टच्या क्लॅम्पवर छापलेल्या आकड्यापुरतंच. बहुतेक ठिकाणी तो ५ न्यूटन-मीटरच्या आसपास असतो आणि कार्बनला त्याहून जास्त सहन होत नाही. हँडलच्या स्टेमला मात्र हात लावू नका. त्याची जुळणी बिघडली तर पुढचा हेडसेट (हँडल ज्यावर वळतं ते बेअरिंग) खडखडतो.

आत सारणं

नेहमी डावीकडचं मागचं दार वापरा, म्हणजे तुम्ही रस्त्याच्या कडेला उभे राहता, ट्रकच्या बाजूला नाही. पुढची डावी सीट पूर्ण पुढे सरकवा. गोधडी मागच्या सीटवर अशी अंथरा की तिचं एक टोक पाय ठेवायच्या जागेत उतरेल आणि एक टोक दाराच्या उंबऱ्यावर येईल. रंग पहिल्यांदा उंबऱ्याला घासूनच जातो.

एका माणसाला पलीकडचं, उजवं दार उघडून उभं करा. तुम्ही फ्रेम आडवी करा. चेनची बाजू आकाशाकडे, सायकलची सीट गाडीच्या पाठीकडे, पेडल पुढच्या सीटांकडे. आता फ्रेमचा मागचा भाग आधी आत सारा. पलीकडचा माणूस आरडीवर डोळा ठेवेल आणि फ्रेम हातावर झेलेल. आत गेल्यावर सायकलची सीट मागच्या पाठीला टेकते, आणि चेनचा भाग, क्रँक (पेडलचे दांडे), आरडी हे सगळं सीटच्या पुढच्या काठाबाहेर अधांतरी येतं. तेच आपल्याला हवं असतं. आरडीखाली काही नाही, वर काही नाही.

हँडल उजव्या बाजूला वळवा, म्हणजे ते वरच्या दिशेला येईल आणि फ्रेम सीटवर सपाट पडेल. डावीकडे वळवलं तर ते फ्रेमखाली शिरतं आणि सगळं डगमगतं. केबल फ्रेमच्या आतून गेलेल्या नव्या सायकलींत हँडल कुठवर वळतं त्याला मर्यादा असते. अडलं की थांबा, जोर करू नका.

क्रँक फिरवून डावं पेडल पुढे, पाय ठेवायच्या जागेत लोंबू द्या. तरीही ते सीटमध्ये रुतत असेल तर काढून टाका. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवल्यावर सुटतं. अनेकांनी जोर लावून लावून ते उलट आवळलेलं मी पाहिलंय.

फ्रेमचा जो भाग अधांतरी आहे त्याच्याखाली, क्रँकच्या बरोबर खाली, कपड्यांची बॅग किंवा चादरीची वळकटी ठासून भरा. नाहीतर प्रत्येक गतिरोधकावर फ्रेम सीटच्या काठावर आपटत राहते. वळकटी आरडीच्या खाली येऊ देऊ नका, ती मधे ठेवा.

शेवटी मागच्या सीटचे दोन्ही बेल्ट फ्रेमच्या मुख्य त्रिकोणातून ओवून लावा. गाडी जोरात थांबली तर आठ-नऊ किलोची सायकल पुढे बसलेल्याच्या मानेवर येते, म्हणून हे टाळू नका. सीटवर वजन पडल्याबरोबर वाजणारी बेल्टची शिट्टीही यानेच बंद होते. बेल्ट लावल्यावर दोन्ही दारं हळू, हाताने धरून लावा. आधी उजवं, कारण तिकडे आरडी आहे. दार आणि आरडी यांच्यात हात घालून बघा, आडवा तळवा सहज गेला पाहिजे. डावीकडे चिमट्याचं टोक आणि दार यांच्यामधे पुठ्ठा ठेवा.

चाकं कुठे

डिक्कीत, सपाट, कॅसेटची बाजू वर. एकावर एक ठेवायची असतील तर मधे पुठ्ठा किंवा चादर, आणि डिस्कचा रोटर कशाच्याही खाली येता कामा नये. रोटर दोन मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो, पाण्याचा कॅन त्यावर कलंडला तरी वाकतो. मग ब्रेक अख्ख्या राइडभर सर्र-सर्र घासत राहतो. चाकांवर सामान ठेवायचंच नाही, हा नियम धरा.

सीएनजीमुळे डिक्कीत जागा नसेल तर चाकं फ्रेमवरच ठेवा, मधे गोधडीची घडी घालून, चिमट्याच्या बाजूला, आरडीपासून दूर. बेल्ट चाकांवरूनही घ्या.

रस्त्यावर

पहिल्या दहा किलोमीटरनंतर एकदा थांबा आणि बेल्ट हाताने ओढून बघा. सगळं पहिल्यांदा तेव्हाच सैल होतं. आपल्या सिमेंट रस्त्यांच्या सांध्यांवरून जाताना गाडी धडधडत राहते, आणि त्या बारीक धक्क्यांनीच फ्रेम बेल्टच्या बकलवर घासते. तिथे चिंधी गुंडाळा. समृद्धीवरून जाणार असाल तर ही तपासणी वर चढण्याआधीच करा. तिथे सायकल चालवता येत नाही हे माहीत असतंच, पण सामान ठीकठाक करायला कडेला थांबताही येत नाही.

उन्हाळ्याचं वेगळं सांगायला हवं. मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोल्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि उन्हात उभ्या बंद कारमध्ये त्याहून कितीतरी जास्त. पहाटे ८० पीएसआय भरलेला टायर ६० अंशांच्या डिक्कीत ९०च्या घरात जातो. ट्यूबवाल्या टायरला ते चालून जाईल, पण हुकलेस रिम (टायर धरायला काठाला आकडा नसलेली) असेल तर तिची कमाल मर्यादा ७२.५ पीएसआयची असते. म्हणून ठेवतानाच हवा निम्मी करा आणि राइडच्या ठिकाणी भरा. लाइट, पॉवर बँक, इलेक्ट्रॉनिक गिअरची सुटी बॅटरी गाडीत सोडून जेवायला जाऊ नका. ट्यूबलेस टायरमधलं भोकं बुजवणारं सीलंटही या उष्णतेत लवकर आटतं. ते तपासत राहा, आपल्याकडे बाभळीचे काटे आणि सराटे कमी नाहीत.

पावसाळ्यात काळी माती चिमटा आणि टायरच्या मधे अशी भरते की चाक फिरत नाही. ती ओली असतानाच काढा, वाळली की खरवडावी लागते आणि रंग घेऊन येते. शेतातल्या बोअरच्या पाण्याने धुवायला हरकत नाही, फक्त पाइपाची जोरदार धार हबवर आणि क्रँकच्या बेअरिंगवर मारू नका. पाणी आत शिरून ग्रीस धुऊन जातं.

पोचल्यावर जोडणी

उलट क्रमाने जायचं. गिअर छोट्या चकतीवर, चेन सोडवलेली, मग मागचं चाक, मग पुढचं. क्विक रिलीजची कळ बंद करताना सायकल जमिनीवर चाकांवर उभी असावी, उचललेली नसावी. म्हणजे ॲक्सल खोबणीत पूर्ण बसतो. कळ बंद करताना तळहातावर तिचा ठसा उमटावा इतका जोर लागला पाहिजे. सहज बंद झाली तर ती सैल आहे.

रिम ब्रेकची कळ बंद केली का, हे दोनदा बघा. परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढताना ब्रेकची गरज पडत नाही, त्यामुळे उघडी राहिलेली कळ लक्षातही येत नाही. ते कळतं ते वरून उतरताना. हायड्रॉलिक डिस्कवाल्यांनी पॅडमधली पट्टी काढून कळ आठ-दहा वेळा दाबावी. सायकल बराच वेळ आडवी राहिली की पहिली दाब पोकळ लागू शकते. कडक लागेपर्यंत निघू नका.

मग मागचं चाक वर उचलून पेडल फिरवा आणि एकेक गिअर चढवत जा. मोठ्या चकतीजवळ आल्यावर आरडीचा खालचा पिंजरा आणि स्पोक यांच्यात फट दिसते का, ते मागून उभं राहून बघा. टिकटिक आवाज आला किंवा पिंजरा तिरका वाटला तर त्या दिवशी शेवटच्या दोन मोठ्या चकत्या वापरायच्याच नाहीत, चढ असला तरी.

राइडनंतर सायकल परत आत घालण्याआधी चेन फडक्याने पुसा. घामाचे थेंब हँडलच्या टेपवर आणि स्टेमच्या बोल्टवर पडलेले असतात, तेही पुसा. घरी पोचलात की कितीही दमला असाल तरी सायकल त्याच रात्री बाहेर काढा. बंद गाडीत घाम आणि उकाड्याने बोल्ट गंजतात. चेनचा काळा डाग सीटवर पडलाच तर ओल्या फडक्याने घासू नका, तो पसरतो. त्यावर बेसन किंवा टाल्कम पावडर दाबून रात्रभर ठेवा, सकाळी झटका, आणि मग भांड्यांच्या साबणाचा फेस घेऊन डागाच्या बाहेरून आतल्या दिशेने पुसत या.